वाट, पाट आणि उघाडी : रायगड किनाऱ्यावरील वहिवाटीच्या हक्कांचा इतिहास

दुसऱ्याच्या जमिनीतून ये-जा करण्याचा, तिच्यातून पाणी आणण्याचा किंवा तिच्यावर पाणी सोडण्याचा जो हक्क एखाद्या शेताच्या वा घराच्या मालकाला असतो, त्याला व्यवहारात वहिवाटीचा हक्क आणि कायद्याच्या मराठीत सुविधाधिकार म्हणतात. या हक्काने मालकी बदलत नाही. जमीन ज्याची त्याचीच राहते. तिच्यावर शेजाऱ्याच्या गरजेपुरता भार पडतो, एवढेच. हा हक्क जमिनीला चिकटलेला असतो, त्यामुळे जमीन विकली की लाभ आणि भार दोन्ही नव्या मालकाच्या वाट्याला येतात. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, उरण-पेणच्या खाड्यांपासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत, हा विषय पिढ्यान्‌पिढ्या घरोघरच्या भांडणाचा आणि तितकाच समजुतीचा राहिला आहे.

त्याचे मूळ भूगोलात आहे. सह्याद्रीचे फाटे इथे समुद्राच्या अगदी जवळ येतात आणि डोंगर व पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळा संसार बसवावा लागतो. पायथ्याला वरकस जमीन, खाली भाताची खाचरे, मग गाव, गावाला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या पलीकडे पुळण आणि समुद्र. खाडीच्या अंगाला वाड्यांऐवजी बांध घालून मिळवलेली खार. एकाच कुटुंबाचे घर, खाचर, वरकस आणि होडी यांच्यामध्ये दहा जणांच्या जमिनी असतात. त्या ओलांडल्याशिवाय दिवस पार पडत नाही.

अलिबागजवळच्या अष्टागरात हे जवळून पाहता येते. अष्टागराची आठ गावे नेमकी कोणती याबद्दल याद्या जुळत नाहीत. पण चौल, रेवदंडा, नागाव, अक्षी, थळ, किहीम, आवास, सासवणे या पट्ट्यातल्या वाड्यांची मांडणी सारखीच. वाडीभोवती दगडांचा गडगा, आणि दोन गडग्यांमधून डोक्यावर नारळांची पाटी घेतलेला माणूस जेमतेम जाईल एवढी पाखाडी. विहिरीवर रहाट, रहाटाचे पाणी डोणीत, डोणीतून पाटाने प्रत्येक पोफळीच्या आळ्यात. विहीर एकाच्या जागेत, पाट तिघांच्या वाड्यांतून जाणारा, पाण्याच्या पाळ्या पाच जणांच्या, अशी स्थिती वाटण्या होत होत सर्रास आली. पाट फुटला तर कोणी बांधायचा, पाटाकाठची माती कोणी काढायची, उन्हाळ्यात विहीर आटली तर कोणाची पाळी आधी, हे सगळे ठरलेले असे. लिहिलेले मात्र क्वचितच असे. घरांचेही तसेच. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात कौलांवरून ओघळणाऱ्या पागोळ्या कोणाच्या अंगणात पडतात हा किरकोळ प्रश्न नव्हे. घर बांधताना पागोळीपुरती पट्टी सोडायची, आणि सोडली नसेल तर शेजाऱ्याच्या हद्दीत पाणी पाडण्याचा हक्क सांगायचा, यावरून भाऊबंदकी पेटत आली आहे.

लेखी नोंदी नव्हत्या तेव्हा हक्क राखण्याचे मार्ग वेगळे होते. शिलाहारांच्या काळापासून उत्तर कोकणात दानजमिनीवर गधेगाळ उभारण्याची चाल दिसते. दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी चित्रासह दगडात कोरायची आणि वर चंद्र-सूर्य कोरून ती कायमची करायची. मालकीचे रक्षण शापावर सोपवण्याची ही युक्ती आज गमतीची वाटेल, पण कोणालाही न वाचता समजणारा तो हद्दीचा दस्त होता. मराठेशाहीत वाट, बांध आणि शिवेचे तंटे गोतापुढे जात. गावचे आणि शेजारगावचे जाणते लोक बसत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. काहीच जमेना तेव्हा दिव्य करण्यापर्यंत मजल जाई. गोतसभा मुख्यतः एकच गोष्ट विचारी: पूर्वापार काय चालत आले आहे? पुढे इंग्रजी न्यायालयांनी हाच प्रश्न विचारला, फक्त वर्षे मोजून.

किनाऱ्यावरचे सर्वांत गुंतागुंतीचे हक्क खारेपाटात तयार झाले. धरमतर, रेवदंडा, राजपुरी या खाड्यांच्या काठची बरीचशी भातशेती ही मुळात भरतीखाली जाणारी खाजणे होती. खाडीच्या चिखलाचा बांध घालून भरती अडवायची, दोन-तीन पावसाळे जमीन धुऊ द्यायची आणि मग खारे पाणी काही अंशी सोसणाऱ्या भाताच्या जाती लावायच्या, असा क्रम. बांधात जागोजाग उघाड्या असतात. उघाडी म्हणजे बांधातले तोंड, आणि त्याच्या खाडीकडच्या बाजूला वरून टांगलेली फळी. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने फळी घट्ट बसते. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी फळी ढकलून बाहेर पडते. कोणी उघडायला नको, कोणी मिटायला नको. पण फळी कुजली, खेकड्यांनी बांध पोखरला आणि पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणाला खांड पडली, तर एका रात्रीत शेकडो एकरांत खारे पाणी भरते आणि पुढची दोन-तीन वर्षे भाताचे पीक हाती लागत नाही.

ही रचना एकमेकांच्या जमिनीवरच्या हक्कांशिवाय उभीच राहू शकत नाही. उघाडी एकाच्या खाचराजवळ असते. वरच्या पन्नास जणांचे पावसाचे पाणी त्याच्या खाचरातून किंवा त्याला लागून असलेल्या नाल्यातूनच तिच्याकडे जाणार. बांध दुरुस्त करायला माती लागते आणि ती आयत्या वेळी जवळच्या जमिनीतूनच खणावी लागते, मग ती कोणाचीही असो. बांधावरून चालत जाणे हा सर्वांचा हक्क, कारण पावसाळ्यात दुसरी वाटच नसते. खारेपाटात या हक्कांबरोबर कर्तव्यही बांधलेले होते. खांड पडली की ज्याची खारीत जमीन आहे त्या प्रत्येक घरातून माणूस बांधावर गेलाच पाहिजे. सामूहिक दुरुस्तीच्या या रीतीला अलिबाग-पेणकडे जोळ म्हणत. जोळाला न जाणाऱ्याला गावकी दंड करी. हक्क आणि जबाबदारी एकाच दोरीने बांधण्याची ही व्यवस्था नंतरच्या कुठल्याही कायद्याला तितक्या नेटकेपणाने साधली नाही.

बांध घालायला भांडवल लागे. ते ज्याने घातले त्याला राज्यकर्ते कौल देत. पहिली काही वर्षे सारा माफ आणि पुढे तो चढत्या क्रमाने, असा इस्तावा ठरे. यातून शिलोत्री पद्धत पुढे आली. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा गॅझेटिअरने तिची नोंद घेतली आहे. शिलोत्रीदाराने समुद्राकडचा मोठा बांध राखायचा आणि त्याबदल्यात कसणाऱ्यांकडून सरकारी साऱ्याखेरीज धान्याचा ठरावीक हिस्सा घ्यायचा. आतले छोटे बांध ज्याचे त्याने पाहायचे. काही खारी कुळांनी स्वतःच एकत्र येऊन मिळवल्या होत्या. तिथे असा वरचा हिस्सेदार नव्हता आणि दुरुस्तीचा भार सगळ्यांवर सारखा होता. शिलोत्रीचा हिस्सा हा खंड नव्हता, तो एका कामाचा मोबदला होता. त्यामुळे हिस्सा चालू आणि बांध मात्र ढासळलेला, अशी वेळ आली की कसणाऱ्यांची तक्रार बळकट ठरे.

राजकीय नकाशा या काळात तुकड्यातुकड्यांचा होता. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी १८४० साली खालसा केले आणि कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. मुरूड-श्रीवर्धनकडे मात्र जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचा अंमल १९४८ पर्यंत चालला. एकाच किनाऱ्यावर, एकाच तऱ्हेच्या वाड्या आणि खारींसाठी, दोन राज्यव्यवस्था शेजारी शेजारी नांदल्या. जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली.

इंग्रजी अंमलात पूर्वापार चाल कायद्याच्या चौकटीत आली. व्हिटली स्टोक्स यांनी रचलेला सुविधाधिकारांचा कायदा १८८२ साली मंजूर झाला, पण आरंभी तो मद्रास, मध्यप्रांत आणि कूर्ग एवढ्याच भागांना लागू होता. मुंबई इलाख्यात तो १८९१ च्या एका पुरवणी कायद्याने आला. त्याआधी इथली न्यायालये मुदतीच्या कायद्यातील २० वर्षांच्या तरतुदीवर आणि इंग्लंडमधल्या निवाड्यांवर काम भागवत.

या कायद्याचा गाभा कलम १५ मध्ये आहे. वाट, पाट किंवा अन्य कोणताही सुविधाधिकार २० वर्षे शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता उपभोगला असेल तर तो पक्का होतो, मग त्याचा कागद असो वा नसो. सरकारी जमिनीबाबत ही मुदत मूळची ६० वर्षे होती. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ती ३० वर्षे झाली. दोन बारकावे जमीनमालकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. पहिला, २० वर्षांचा काळ दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेला असावा लागतो. आजोबा त्या वाटेने जात, एवढ्यावर नातवाला वाट मिळत नाही. दुसरा, मालकाने कधीतरी काटेरी फांदी आडवी टाकली म्हणून खंड पडत नाही. अडवणूक कळूनही वापरणाऱ्याने ती वर्षभर मुकाट सोसली तरच तो पडतो. मालकाची खरी ढाल परवानगीत आहे. मालकाच्या परवानगीने, त्याच्या मर्जीवर चालणारी ये-जा हा कायद्याच्या दृष्टीने केवळ परवाना. तो साधारणपणे केव्हाही मागे घेता येतो आणि कितीही वर्षे चालला तरी त्याचा हक्क होत नाही. शेजाऱ्याला भलेपणाने वाट देणाऱ्या कोकणी माणसाने तेवढे दोन ओळींत लिहून घेण्याचा संकोच केला आणि पुढची पिढी न्यायालयात गेली, याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतील.

गरजेच्या हक्काची गोष्ट वेगळी. भावांच्या वाटणीत मागचा तुकडा ज्याला गेला त्याला पुढच्या तुकड्यातून वाट मिळते, तिच्यासाठी २० वर्षे थांबावे लागत नाही. पण ती वाट कोणत्या बाजूने द्यायची हे पुढचा मालक ठरवतो, ती वाजवी सोयीची असली म्हणजे झाले. आणि मागच्याला दुसरीकडून रस्ता मिळाला की हक्क संपतो. वापर पूर्ण सुटून २० वर्षे लोटली तरीही हक्क जातो. पावसाच्या पाण्याला आणखी निराळा नियम आहे. वरच्या शेतात पडलेले पाणी स्वाभाविक उताराने खालच्या शेतात वाहू देणे हा वरच्या मालकाचा नैसर्गिक हक्कच मानला जातो, त्याला वहिवाट सिद्ध करण्याची गरज नाही. उलट, ओढ्यात न वाहणारे आणि कुठे कायम न साठणारे पाणी आपल्याकडे यावेच, असा हक्क मात्र कितीही वर्षांनी मिळत नाही. खारेपाटातल्या निम्म्या तंट्यांचे उत्तर या दोन वाक्यांत आहे.

पूर्वापार चालीला न्यायालय किती वजन देते, याची जिल्ह्यातली सर्वांत मोठी कसोटी लागली ती किनाऱ्यापासून आत, सावित्रीच्या काठच्या महाडला. तो दावा वाटेचा नव्हता, पाण्याचा होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली सार्वजनिक तळी सर्वांना खुली असल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरात काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात जाऊन तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळे आमचे आहे, निदान अस्पृश्यांना त्यातून दूर ठेवण्याची अनादिकालापासूनची रूढी आहे, असा त्यांचा पवित्रा. दावा महाड, ठाणे असा चढत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने तो फेटाळला. वादींना अशी रूढी अनादिकालापासूनची असल्याचे सिद्ध करता आले नाही. आंबेडकरांच्या बाजूने लागलेल्या या निकालाचे सामाजिक मोल सर्वांना ठाऊक आहे. जमिनीच्या कायद्याच्या अभ्यासकाने त्यात आणखी एक गोष्ट पाहावी: ‘असेच चालत आले आहे’ हे वाक्य पुरावा नसते, ते सिद्ध करायचे विधान असते.

खोतीच्या गावांत आणि सावकारांच्या खारींत वहिवाटीचे प्रश्न बराच काळ दबलेले होते, कारण मालक एकच होता. स्वतःच्या एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्यासाठी कोणाला सुविधाधिकार लागत नाही. दोन्ही जमिनी एका हाती आल्या की तो हक्क कायद्यानेच विरून जातो. कूळ कोणत्या बांधाने जाणार, पाणी कुठून काढणार हे खोताचा कारकून सांगे. या व्यवस्थेला अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या २५ गावांनी धक्का दिला. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत टिकला. कुळांनी जमिनी कसायचेच थांबवले. १९३७ साली आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९३९ चा आणि मग १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणारी कुळे मालक ठरणे, असा पुढचा क्रम.

या न्याय्य बदलाची एक बाजू फारशी चर्चेत आली नाही. काल जिथे एक मालक होता तिथे आज शंभर मालक झाले, आणि काल ज्या वाटा व नाले एकाच मालकीच्या पोटात होते ते आज शेजाऱ्यांच्या जमिनीवरचे भार ठरले. कूळ म्हणून ज्या खाचरातून पाणी काढले ते खाचर आता नव्या मालकाचे. सातबारावर नाव चढवण्याची लगबग झाली. त्याच उताऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात वाट, पाट आणि विहिरीतला हिस्सा लिहून घेण्याचे बहुतेकांच्या मनातही आले नाही.

बांधांचीही मालकी अशीच सैल झाली. १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि त्यानंतर १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने समुद्राकडचे बरेच बांध सरकारी योजनांत आले. चिखलाच्या बांधाला दगडी पिचिंग मिळाले, काही उघाड्या सिमेंटच्या झाल्या. पण बांध सरकारी झाल्यावर जोळाला जाण्याचे कारण उरले नाही. खांड पडली की गावाने टोपल्या उचलायच्या, हे जाऊन अर्ज लिहायचा, अंदाजपत्रक व्हायचे, निधी यायचा, तोवर पुढचे उधाण येऊन जायचे, असे सुरू झाले. खाजगी म्हणून बाहेर राहिलेल्या योजनांना तर वालीच उरला नाही. खारे पाणी शिरलेल्या शेतात काही वर्षांत कांदळवन उगवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या अंतिम निकालाने कांदळवनांना कडक संरक्षण मिळाले. त्यांच्याभोवतीचे ५० मीटरही राखीव झाले. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण ज्याचा बांध इतरांच्या हलगर्जीने फुटला त्या शेतकऱ्याचे नाव आजही सातबारावर आहे आणि जमिनीवर त्याला कुदळ मारता येत नाही. किनाऱ्यावरच्या जमीनमालकाची ही सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी ऐकली गेलेली तक्रार म्हणावी लागेल.

१९७० नंतर प्रकल्प आले. उरण-पनवेलला नवी मुंबई आणि बंदर, थळला खताचा कारखाना, उरणला तेल-वायूची केंद्रे. भूसंपादनात एक तरतूद अनेकांना माहीत नसते. संपादित जमिनीवर ज्याचा सुविधाधिकार आहे तोही कायद्याच्या दृष्टीने हितसंबंधी असतो आणि भरपाई मागू शकतो. हे १८९४ च्या कायद्यात होते, २०१३ च्या कायद्यातही आहे. मात्र जमीन सरकारकडे गेली की ती सर्व बोजांपासून मुक्त होऊन जाते, म्हणजे त्या वेळी हरकत घेतली नाही तर वाट कायमची गेली. वायुवाहिन्यांचा प्रकार याच्या उलट. १९६२ च्या पेट्रोलियम वाहिन्यांच्या कायद्याखाली मालकी शेतकऱ्याकडेच राहते आणि सरकार किंवा कंपनी केवळ वापराचा हक्क घेते. शेत पूर्वीसारखे कसता येते. पण त्या पट्टीत घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. नुकसानभरपाईखेरीज या हक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. भाताच्या शेताला याचा फार त्रास नाही. नारळाच्या वाडीतून अशी पट्टी गेली तर वाडीच दुभंगते. कायद्याने दोन्ही एकाच मापाने मोजले आहेत.

गेल्या तीन-चार दशकांत मांडवा, सासवणे, आवास, किहीमपासून काशीदपर्यंत वाड्या विकल्या गेल्या आणि बंगले झाले. वाडीला सैल गडगा असे, बंगल्याला आठ फुटी भिंत येते. गडग्यात पाय ठेवायला जागा होती तिथून कोळणी मासळी घेऊन, गुराखी गुरे घेऊन, वाडीतला माणूस सरपण घेऊन समुद्राकडे जात. भरतीरेषेखालची पुळण सरकारच्या मालकीची, म्हणजे सर्वांची. पण तिच्यापर्यंत पोचायची वाट खाजगी जमिनीतून. वरसोली, थळ, रेवदंडा, कोर्लई, एकदरा, भरडखोल अशा कोळीवस्त्यांना ही वाट आणि मासळी वाळवायची जागा म्हणजे धंद्याचाच भाग. कायद्यात स्थानिक रूढीने मिळणाऱ्या हक्काला कलम १८ मध्ये जागा आहे, मात्र रूढी नेमकी, जुनी आणि वाजवी असल्याचे दाखवावे लागते. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ आणि २०११ च्या अधिसूचनांनी दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी ठेवण्याची अट घातली. ती अट हॉटेल आणि रिसॉर्टला आहे. एकामागून एक उभ्या राहिलेल्या खाजगी बंगल्यांच्या रांगेला नाही.

या बाबतीत नवा मालक नेहमीच दोषी नसतो. त्याने स्वच्छ सातबारा पाहून जमीन घेतली, आणि सातबारावर पाखाडीचा उल्लेखच नव्हता. त्याच्यावरही उलटा अन्याय होतो. डोक्यावरच्या ओझ्यासाठी असलेल्या चार फुटी वाटेवरून मागच्या प्लॉटवाल्याचे सिमेंटचे ट्रक जाऊ लागतात. कायदा इथे मालकाच्या बाजूने स्पष्ट आहे. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, पायवाटेची गाडीवाट होत नाही. आणि ज्याला लाभ आहे त्याने आपल्या जमिनीत बदल करून दुसऱ्यावरचा भार वाढवायचा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हद्दीच्या प्रश्नात भर टाकली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या वाड्यांत कित्येक सीमा झाडांवरून सांगितल्या जात. ती झाडे आडवी झाली आणि हद्द पुन्हा मोजणीदाराच्या हाती गेली.

तंटा उभा राहिला तर दारे तीन आहेत. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली शेतीची वाट किंवा पाण्याचा स्वाभाविक प्रवाह अडवला असेल तर तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. हा सर्वांत स्वस्त आणि जलद मार्ग, पण मुदत चुकली की बंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेताकडे जायला वाट नसेल तर तहसीलदार शेजाऱ्यांच्या सीमेवरून, म्हणजे बांधावरून, वाट देऊ शकतो. निर्णय मान्य नसलेल्याला वर्षभरात दिवाणी दावा लावता येतो. पागोळी, पाट, घराचा उजेड आणि २० वर्षांची वहिवाट हे विषय शेवटी दिवाणी न्यायालयातच जातात. तिथे उपयोगी पडतात ते जुने कागद: वाटणीपत्र, खरेदीखतातली चतुःसीमा, विहिरीच्या हिश्श्याचा उल्लेख आणि गावचा नकाशा, ज्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते. किनाऱ्यावर जमीन घेणाऱ्याने सातबाराइतकाच हा नकाशा पाहावा, आणि जागा उन्हाळ्यात एकदा व भर पावसात एकदा फिरून पाहावी. पाण्याची वाट कागदापेक्षा आषाढात लवकर दिसते. विकणाऱ्यानेही वाट द्यायची असेल तर तिची रुंदी, वापर आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे नोंदणीकृत दस्तात लिहावे.

मे २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद द्यावेत आणि त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात करावी, असा निर्णय घेतला. १९५७ साली जे व्हायला हवे होते ते यातून अंशतः होईल. पण निर्णय ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून घेतलेला आहे. अष्टागरातली चार फुटी पाखाडी, सामाईक विहिरीचा पाट, खारीतून उघाडीकडे जाणारा नाला आणि कोळीवाड्यातून पुळणीवर उतरणारी वाट त्याच्या कक्षेत येत नाही. त्यांची नोंद हवी असेल तर आजही वापरणाऱ्यानेच मालकाशी लेखी करार करावा लागतो किंवा न्यायालयाचा हुकूमनामा आणून तलाठ्यापुढे ठेवावा लागतो.